भावा, आडनाव काय?

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पुण्यात पहिली नोकरी लागून चार महिने झाले होते. मी आणि माझा कॉलेजातला मित्र मिळून भाड्याचा फ्लॅट शोधत होतो. होस्टेलवर तीन वर्षं एका खोलीत काढलेली, त्यामुळे एकमेकांच्या घोरण्यापासून उधारीपर्यंत सगळं माहीत. एजंटनं एक वन बीएचके दाखवला. मालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांनी चहा दिला, गाव विचारलं, पगार विचारला, रात्री दंगा चालणार नाही असं बजावलं. आम्ही दोघंही 'नाही काकू' म्हणालो. डिपॉझिट ठरलं. एजंट म्हणाला, "दोघांची आधार कार्डं व्हॉट्सअ‍ॅप करा, करारनामा बनवायला टाकतो."

रात्री एजंटचा फोन आला. फक्त मला.

"दादा, तुमचं काही नाही. पण काकू म्हणतायत, तुम्हाला देऊ. पार्टनर मात्र तुमच्यातलाच कुणीतरी बघा ना."

'तुमच्यातला' या शब्दाचा अर्थ लागायला मला फार वेळ लागला नाही. चहा पिताना आम्ही दोघं सारखेच होतो. मध्ये फक्त आधार कार्ड आलं होतं, आणि त्यावर आडनाव होतं. मी एजंटला "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

मित्राला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "घे भावा तू. दोघंही कशाला लटकायचं?" त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. ही त्याची पहिली वेळ नव्हती, माझी होती. मी तो फ्लॅट घेतला. ऑफिसपासून जवळ होता, भाडं परवडणारं होतं. त्याला नंतर खूप लांब, एका ओळखीच्या माणसाच्या घरी खोली मिळाली. आम्ही भेटत राहिलो, पण कमी. कुणी कुणाशी भांडलं नाही.

ही गोष्ट मी बरीच वर्षं 'त्या बाईंची गोष्ट' म्हणून सांगत होतो. लोक कसे असतात बघा, असं. ती माझी गोष्ट आहे, हे कळायला एक २६ नोव्हेंबर लागला.

संविधान दिनाला आमच्या ऑफिसात उद्देशिकेचं सामूहिक वाचन होतं. एचआरचा माणूस एकेक ओळ म्हणतो, आम्ही मागून म्हणतो. शाळेत पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेली ती उद्देशिका इतक्या वेळा नजरेखालून गेलेली असते की शब्द ऐकूच येत नाहीत. त्या दिवशी मात्र एक क्रियापद अडकलं.

आपली उद्देशिका नागरिकांना न्याय, स्वातंत्र्य आणि समानता 'निश्चितपणे प्राप्त करून' देण्याचा निर्धार करते. इथपर्यंत भाषा ठाम आहे. देणारा आणि घेणारा ठरलेला आहे. नाही मिळालं तर दार ठोठावायला न्यायालय आहे, त्यासाठी अनुच्छेद ३२ आहे. पण चौथ्या मूल्यापाशी आल्यावर क्रियापद बदलतं. बंधुता 'प्राप्त करून देण्याचं' वचन संविधान देत नाही. ती 'प्रवर्धित' करायची आहे, म्हणजे वाढवायची आहे. इंग्रजी मसुद्यातही हाच फरक आहे. वाढवायची वस्तू सरकारी कचेरीतून मिळत नाही. ती कुणीतरी लावावी लागते, तिला पाणी घालावं लागतं. मग वाढवायची कुणी? उद्देशिकेचा कर्ता पहिल्याच शब्दात आहे: आम्ही.

मी त्या दिवशी घरी येऊन वाचायला लागलो, आणि कळलं की हा शब्द संविधानात जवळजवळ आलाच नसता. १३ डिसेंबर १९४६ रोजी जवाहरलाल नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. आजच्या उद्देशिकेचं बरंचसं मूळ त्या ठरावात आहे. न्याय आहे, समानता आहे, विचार आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे. बंधुता नाही. ती आली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीकडून, फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात. मसुद्यासोबतच्या पत्रात समितीनं कबूलच केलं की हा शब्द मूळ ठरावात नाही, पण देशाला बंधुभावाची गरज आज आहे तितकी कधीच नव्हती, म्हणून आम्ही तो घातला. पत्राची तारीख २१ फेब्रुवारी. फाळणीच्या कत्तलींना सहा महिने झाले होते. गांधीजींचा खून होऊन तीन आठवडे.

तेव्हा हा शब्द समारंभाच्या भाषणात गोड वाटावा म्हणून आलेला नाही. माणसं शेजाऱ्यांना मारत होती, त्या दिवसांत तो आला.

पण आंबेडकरांसाठी त्याची गरज फाळणीपेक्षा जुनी होती. महाड आठवा. आपल्याला शाळेत २० मार्च १९२७ एवढीच तारीख शिकवतात. त्याच्या आधीची चार वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पैशानं चालणारी तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळाला होता. तरी तीन वर्षं त्या तळ्याचं पाणी दलितांना पिता येत नव्हतं. कागद तळ्यावर पहारा देत नाही. काठावर माणसं उभी असतात.

१९२७ मध्ये आंबेडकर हजारो लोकांसोबत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल दलितांच्या बाजूनं लागला तो मार्च १९३७ मध्ये. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षं.

हे सगळं पाहिलेला माणूस जेव्हा संविधान लिहायला बसतो, तेव्हा त्याला कायद्याची ताकद कळते आणि कायद्याची हद्दही कळते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी नेमकं हेच सांगितलं. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन वेगळी कलमं नाहीत, एकाला दुसऱ्यापासून तोडलं तर लोकशाहीचा हेतूच हरतो. समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांची सत्ता. स्वातंत्र्याशिवाय समता म्हणजे माणसाच्या उमेदीचा अंत. आणि बंधुता नसेल, तर पहिल्या दोन्ही गोष्टी अंगवळणी पडणार नाहीत, त्या अमलात आणायला शिपाई उभा करावा लागेल.

हा शिपाई मला फार पटतो. आमच्या त्या फ्लॅटच्या दारात कुठला शिपाई उभा राहणार होता? कायदा नाही असं नाही. अनुच्छेद १७ नं अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा राहत्या जागेच्या बाबतीतही अस्पृश्यता पाळणं गुन्हा मानतो. पण काकूंनी जातीचं नाव घेतलंच नव्हतं. एजंटनंही नाही. 'तुमच्यातला' एवढा एकच शब्द, तोही फोनवर, तोही मला. तो शब्द ऐकणारा जगातला एकमेव साक्षीदार मी होतो, आणि मी "बघतो" म्हणालो होतो.

मी कुठलाही कायदा मोडला नाही. मग मी काय मोडलं?

याचं उत्तर शोधताना 'बंधुता' या शब्दानंच मला आधी अडवलं. आपण दिवसभर एकमेकांना 'भावा' म्हणतो. रीलखाली 'भावा', चहाच्या टपरीवर 'भावा', पैसे मागताना तर हमखास 'भावा'. त्यामुळे बंधुता म्हणजे सगळ्यांबद्दल माया वाटणं, असं काहीतरी डोक्यात बसतं. आणि मग प्रश्न पडतो की एकशे चाळीस कोटी लोकांबद्दल कुणाला माया वाटणार? ज्यांचं तोंडही पाहिलं नाही त्यांच्यावर प्रेम करा, हे कुठलं संविधान सांगू शकतं?

पण मराठीत भाऊ या शब्दाचा अर्थ फक्त मायेचा नाही. गावाकडे विचारा. भाऊ म्हणजे वाटेकरी. ज्याचं नाव सातबाऱ्यावर तुमच्या नावाच्या खाली लागलेलं असतं तो. तुम्ही त्याला निवडलेलं नसतं. बांधावरून भांडण असतं, दहा वर्षं बोलणं नसतं, भाऊबंदकी हा शब्द काही उगाच झाला नाही. पण वडिलोपार्जित अख्खी जमीन विकायला निघालात तर त्याची सही लागते. तो आवडतो की नाही, हा मुद्दाच नसतो. त्याचा हिस्सा आहे, हा मुद्दा असतो.

मला वाटतं, बंधुतेचा टिकाऊ अर्थ इथे आहे. देश ही वडिलोपार्जित जमीन मानली तर समोरचा माणूस माझा वाटेकरी आहे. तो पाहुणा नाही, आश्रित नाही, माझ्या मोठ्या मनावर जगणारा तर मुळीच नाही. बंधुता म्हणजे त्याच्या हिश्शाची आठवण, तो समोर नसतानाही ठेवलेली.

हिश्शाशिवाय नुसती माया काय करते, हेही मी घरात पाहिलं आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. २००५ मध्ये तो देशभर झाला. मी सातवीत होतो तेव्हा आमच्या आत्याला तालुक्याच्या गावी बोलावलं होतं. तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. वडिलांनी आणि काकांनी तिला भारी साडी घेतली. घरी पुरणपोळी झाली. सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी. आत्याही हसत होती. खूप वर्षांनी एकदा मला म्हणाली, "सही केली नसती तर माहेर तुटलं असतं रे." तिच्यावर भावांची माया होती यात शंका नाही. पण त्या मायेची किंमत तिचा हिस्सा होती. कायद्यानं समता दिली होती, ती बंधुभावाच्या नावाखाली काढून घेतली गेली.

'बंधुता' या शब्दात बहीण दिसत नाही, ही तक्रार म्हणूनच खरी आहे. खुद्द आंबेडकरांना हा शब्द अपुरा वाटे. बुद्धाची 'मैत्री' त्यांना अधिक योग्य वाटली. १९५४ मध्ये आकाशवाणीवर बोलताना त्यांनी सांगितलं होतं की ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली आहेत. मैत्रीत रक्ताचं नातं लागत नाही, लिंग लागत नाही, आडनावही लागत नाही.

आता यावर जे आक्षेप येतात, त्यांतले दोन मला गंभीर वाटतात, कारण ते मी स्वतःही घेतले आहेत.

पहिला: घर ज्याचं, मर्जी त्याची. स्वतःच्या घरात कुणाला ठेवायचं हे ठरवायचं स्वातंत्र्य काकूंना नको का? हा प्रश्न न्यायालयातही गेलेला आहे. अहमदाबादमधल्या पारशी समाजाच्या एका गृहनिर्माण सोसायटीनं सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवलं होतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा उपनियम बेकायदा ठरवला नाही. संघटना करण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि भेदभाव न करण्याचं संविधानातलं बंधन मुख्यतः राज्यसंस्थेवर आहे. अल्पसंख्य, आकसत चाललेल्या समाजाची एकत्र राहण्याची इच्छा समजून घेता येते. पण हाच युक्तिवाद शहरातली प्रत्येक सोसायटी करू लागली तर काय होईल? प्रत्येकाचं स्वातंत्र्य शाबूत राहील, कायदा मोडणार नाही, आणि माझ्या मित्राला मात्र अख्ख्या शहरात घर मिळणार नाही. स्वातंत्र्य आणि समता जिथे एकमेकींना धडकतात, तिथे न्यायालय कुणा एकीला झुकतं माप देऊ शकतं. धडक होऊच नये, ही सोय फक्त तिसरं मूल्य करतं. शिपायाबद्दलचं ते वाक्य मला इथे कळलं.

दुसरा आक्षेप जास्त गोड भाषेत येतो. 'आपण सगळे भारतीय, सगळे भाऊ-भाऊ, मग जात कशाला काढता?' हे बंधुतेसारखंच ऐकू येतं. पण उद्देशिकेतला क्रम पाहा. बंधुता आधी व्यक्तीच्या प्रतिष्ठेचं आश्वासन देते, मग राष्ट्राच्या एकतेचं. 'एकात्मता' हा शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं त्यात आला, तरी क्रम तोच राहिला. ज्याचा अपमान झाला त्यालाच एकतेखातर गप्प बसायला सांगणारी बंधुता हा क्रम उलटा करते. जाती राष्ट्रविरोधी आहेत, असं आंबेडकर त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात म्हणाले होते. त्यांचा रोख जात काढणाऱ्याच्या तोंडावर नव्हता, जात पाळणाऱ्याच्या दारावर होता.

तर मी काय मोडलं? काकूंनी माझ्या मित्राचा हिस्सा नाकारला, आणि तो मी उचलला. तो फ्लॅट मला माझ्या पगारावर किंवा वागण्यावर मिळालेला नव्हता. पगार आणि वागणं आमच्या दोघांचं सारखंच होतं. तो मला आडनावावर मिळाला होता. मी मागितलेलं नव्हतं, हे खरं. नाकारलंही नाही, हेही खरं. अन्याय चालू राहायला वाईट माणसं फार लागत नाहीत. 'बघतो' म्हणणारी बरी माणसं पुरतात.

हे लिहायच्या आधी मी मित्राला विचारलं. तो आता दुसऱ्या शहरात असतो. म्हणाला, "लिही. पण मला बिचारा करू नकोस. आणि स्वतःला फार वाईटही दाखवू नकोस. तेही एक प्रकारचं भाव खाणंच असतं."

मी विचारलं, मी तेव्हा काय करायला हवं होतं? फ्लॅट सोडायला हवा होता का?

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सोडला असतास तर मलाच ओशाळल्यासारखं झालं असतं. तू फक्त फोनवर 'का?' विचारायला हवं होतंस. तिला एकदा ते तोंडानं सांगावं तर लागलं असतं."

एवढंच. एक अक्षर आणि एक काना. त्याला खर्च काही नव्हता. फार तर फ्लॅट गेला असता.

गेल्या वर्षी मी कर्ज काढून घर घेतलं. आता मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. मागच्या महिन्यात एका सभासदानं कळवलं की त्याचा फ्लॅट भाड्यानं द्यायचाय, एक जोडपं बघून गेलं, दोघं शिक्षक आहेत. खाली लगेच एकाचा मेसेज आला: आडनाव काय?

मी 'का?' असं टाइप केलं. मग पाच मिनिटं ते नुसतं बघत बसलो. ज्यानं विचारलं होतं तो भला माणूस आहे. माझ्या आईला बरं नव्हतं तेव्हा त्यानंच गाडी काढली होती. रोज लिफ्टमध्ये भेटतो. हे एक अक्षर पाठवलं की उद्यापासून लिफ्टमध्ये काय होईल, याचा मी खरोखर हिशोब केला. महाडला जे गेले त्यांनी डोकी फुटण्याचा हिशोब केला असेल. माझा हिशोब लिफ्टमधल्या अवघडलेपणाचा होता, आणि तरी पाच मिनिटं लागली.

पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग उत्तर आलं: "तसं काही नाही हो, सहज विचारलं." त्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीनं अंगठा दाखवला. माझ्या 'का'ला की त्याच्या 'सहज'ला, ते कळलं नाही.

ते जोडपं राहायला येईल की नाही, अजून ठरलेलं नाही. लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांना नमस्कार करतो. थोडा अवघडून, पण करतो.